वळूंच्या गाडीवरची वहिनी

वहिनीला पहिल्यांदा वहिनी म्हटलं ते तिच्या धाकट्या दिराने. मग ते नाव गोठ्यांत, वजनकाट्यांवर आणि गॅरेजांत पसरलं, आणि तिच्याहून वयाने थोराड ड्रायव्हरसुद्धा तिला वहिनीच म्हणू लागले. बाई उंचीने बेताची, हाडापेराने दणकट. बोलणं कमी. नवरा-बायको मिळून वळू वाहून न्यायचा धंदा करत. पैदाशीचे वळू, या केंद्रातून त्या केंद्रात. पुढे पिकअप, मागे चार चाकांचा बंदिस्त ट्रेलर, ट्रेलरात दोन खण आणि प्रत्येक खणात एक वळू. एकेक वळू म्हणजे लहान मोटारीच्या वजनाचा. फरक एवढाच, की मोटारीला राग येत नाही.

या धंद्याची सगळी मेख वजनात होती. ट्रेलरचं नाक पिकअपच्या मागच्या हुकावर टेकतं. नाकावर भार जास्त आला, की पिकअपचं बूड बसतं, तोंड वर होतं आणि पुढची चाकं रस्ता सोडायला बघतात. स्टिअरिंग हातात राहतं, गाडी राहत नाही. तो भार चुकवायला वजन ट्रेलरच्या मागच्या टोकाला नेलं, तर पिकअप दिसायला छान सपाट उभी राहते, पण ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. वहिनीच्या नवऱ्याला हे सगळं ठाऊक होतं. पण पिकअपचे मागचे पाटे, म्हणजे चाकांवर भार झेलणारी पोलादी पट्ट्यांची चळत, वळू ओढून ओढून पार सपाट झाले होते. बदलू, बदलू म्हणत राहून गेलं होतं. तोवर त्याने तोडगा काढला होता: भारी वळू मागच्या खणात, हलका पुढच्या. बूड बसत नव्हतं आणि काम भागत होतं.

ते भागलं एका उतारापर्यंत.

त्या दिवशी मागच्या खणात तांबडा होता. केंद्राचा सगळ्यात नावाजलेला वळू, मानेचं वशिंड ट्रेलरच्या छताला घासेल एवढा. पुढे एक तरणा काळा. उतार लांबलचक, एका अंगाला कापलेला कातळ. भर दुपारी समोरून भरलेला ट्रक भरकन गेला, त्याच्या वाऱ्याने ट्रेलर डावीकडे झुकला, मग उजवीकडे, आणि मग तो झुलायचा थांबेना. तांबडा तोल सावरायला ज्या बाजूला पाय रोवी, त्याच बाजूला ट्रेलर आणखी जोरात जाई. वहिनी शेजारी बसली होती. नवऱ्याने घाबरून ब्रेक दाबला. पिकअप थांबायला तयार होती, ट्रेलर नव्हता. तो आडवा येऊन पिकअपच्या पाठीत शिरला, दोन्ही मिळून कातळावर गेले आणि पत्रा फाटण्याचा आवाज बराच वेळ चालला.

वहिनीचा खांदा निखळला. नवऱ्याचं कपाळ फुटलं होतं, तरी तो दार उघडून खाली उतरला, कारण त्याला आधी वळू बघायचे होते. काळा मान मोडून जागीच पडला होता. तांबडा पडला नव्हता. मागचं दार उचकटून तो बाहेर आला होता, फऱ्यावरची कातडी सोलून लोंबत होती, आणि त्याच्यासमोर पहिली हलणारी वस्तू आली ती वहिनीचा नवरा. वळूने त्याला पिकअपच्या दारावर दाबलं. शिंगाने नाही, कपाळाने. जड कपाट भिंतीला लावावं तसं, सावकाश. बरगड्या मोडल्या त्या वहिनीने ऐकल्या. धड असलेल्या हाताने तिने सीटखालचा जॅकचा दांडा ओढला, दुसऱ्या दाराने उतरली, बॉनेटला वळसा घातला आणि तांबड्याच्या तोंडावर मारत सुटली. नाकावर, कपाळावर, जिथे लागेल तिथे. शेवटी एक घाव डोळ्यावर बसला. डोळा फुटला. वळू हंबरला, मागे सरला आणि रस्त्याने चालता झाला, जणू त्याचं तिथलं काम संपलं होतं.

नवरा दाराला घासत खाली बसला. तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते.

"काळा कुठाय?" त्याने विचारलं.

बरा आहे, उभा आहे, असं वहिनीने सांगितलं. ते ऐकून तो गेला.

वहिनीचा खांदा जागेवर बसेपर्यंत गाडीच्या किल्ल्या धाकट्याच्या खिशात गेल्या होत्या. धाकटा म्हणजे तोच दीर. थोरला भाऊ हयात असताना तो गोठ्यांत जनावरं चढवायला-उतरवायला जायचा आणि तिथेही त्याच्या हातातली काठी थांबायची नाही. जनावर हाताने वळतं, तोंडाने नाही, हे त्याचं ब्रह्मवाक्य. घरातही त्याचा तोच कायदा होता. त्याची बायको, म्हणजे वहिनीची धाकटी जाऊ, डाव्या कानाने ऐकत नसे. लग्नाच्या पहिल्याच वर्षी कानाखाली बसलेल्या एका चपराकीने पडदा फाटला होता. घरात सगळ्यांना हे माहीत होतं आणि सगळे तिच्याशी उजव्या बाजूने बोलत. त्यापलीकडे कुणी काही केलं नव्हतं. वहिनीनेही नाही.

अपघाताचं धाकट्याने एका वाक्यात निदान केलं: गाडी मऊ होती. दुरुस्त होऊन आलेल्या पिकअपला त्याने नवे पाटे घातले, त्यावर आणखी पाटे चढवले, इतके की गाडी दगडाची झाली. आता दोन काय, तीन वळू घातले तरी बूड हलणार नाही, असं तो छाती पुढे काढून सांगायचा. आणि बूड खरंच हलत नव्हतं. रस्त्यातला प्रत्येक खड्डा मात्र जसाच्या तसा आत यायचा. रिकामी गाडी तर सशासारखी उड्या मारायची. तो हिसका हुकातून ट्रेलरात जाई आणि आतल्या वळूंचे पाय घसरत. जनावरं गुडघे फोडून घेऊन उतरू लागली. एकाचं शिंग बुडातून मोडलं. एक तर उतरताच समोरच्या गोठेवाल्यावर धावला आणि त्याची मांडी फाडली. मार खाल्लेलं आणि आदळलेलं जनावर माणूस दिसला की आधी मारायलाच बघतं. त्यावर धाकट्याचा उपाय एकच, की चढवतानाच त्यांना इतकं बडवायचं की वाटेत मस्ती उरू नये.

एकदा केंद्राचे साहेब अंगणात आले. वळू असे रक्तबंबाळ का पोचतात, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. धाकटा रस्त्यांना शिव्या देत होता. तेवढ्यात जाऊ पाणी घेऊन आली आणि सहज बोलून गेली, की रस्ते तेच आहेत, गाडी कडक झालीय, मीही बसून पाहिलं, कंबर मोडते. साहेबांनी मान डोलावली, पाणी प्यायले आणि गेले.

त्यांची जीप वळणाआड गेली तशी धाकट्याने खुंटीवरचा कासरा काढला. वळू बांधायचा, अंगठ्याएवढा जाड, टोकाला लोखंडी कडी. पहिला फटका जावेच्या पाठीवर बसला, दुसऱ्याला कडी तिच्या जबड्यावर आली आणि तिचा दात अंगणात पडला. तिने आवाज केला नाही. मार खाताना आवाज केला की वाढतो, एवढं ती शिकली होती. वहिनी ट्रेलर धूत होती. तिने नळी खाली ठेवली, मागच्या दाराचा लोखंडी अडसर काढला आणि दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"भावजी, सोडा तिला," ती म्हणाली.

भावजींनी कासरा पुन्हा वर नेला. वहिनीने अडसर खाली आणला, त्याच्या मनगटावर. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला आणि पंजा मनगटापासून भलत्याच दिशेला लोंबू लागला. धाकटा गुडघ्यांवर बसला, ओकला आणि मग ओरडला. वहिनीने त्याच्या खिशातून किल्ल्या काढल्या, त्याला पिकअपमध्ये घातलं आणि दवाखान्यात नेलं. त्याने स्वतः बसवलेले पाटे त्या दिवशी त्याच्या खऱ्या ओळखीचे झाले. प्रत्येक खड्ड्याला तो गुरासारखा हंबरत होता. वहिनीने वेग कमी केला नाही, वाढवलाही नाही.

मनगटात सळ्या घातल्या. धाकटा घरी पडला तेव्हा गाडीचं काय करायचं ते वहिनीवर आलं, आणि ती भोंग्याकडे गेली. भोंगा म्हणजे अवजड गाड्यांचा मिस्त्री. ऐरणीवर पाटे ठोकून ठोकून त्याचे कान गेले होते, म्हणून तो सगळ्या जगाशी ओरडून बोलायचा. त्याचं गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, भिंतीला टेकवलेले पाट्यांचे गठ्ठे, जमिनीवर तेल आणि भुसा. त्याने पिकअपखाली डोकं घातलं, बाहेर आला आणि ही गाडी आहे की ऐरण, असं शेजारच्या चार दुकानांना ऐकू जाईल अशा बेताने विचारलं.

वहिनीने तिला काय हवं ते सांगितलं. भारी वळू पुढच्या खणात उभा राहिला पाहिजे, म्हणजे ट्रेलर शेपूट हलवणार नाही. नाकावर तेवढा भार आला तरी पिकअपचं बूड बसता कामा नये. आणि रिकामं परतताना गाडी उधळता कामा नये. एवढंच.

भोंगा म्हणाला, एवढंच म्हणजे सगळंच. त्याच्या मते मोजके घातले तर जास्तीच्या पाट्यांना तोड नव्हती. दणकट, बिनतक्रार, पिढ्यान्‌पिढ्यांचे. दुसरी सोय होती मदतीच्या पाट्यांची. ते वर लोंबते राहतात आणि भार आला तरच टेकतात. ते वहिनीला निम्मे पटले, पण टेकताना धक्का बसतो आणि वळूला धक्काच नको होता. तिसरी सोय होती बलूनची, म्हणजे चाकाजवळ बसणाऱ्या जाड रबराच्या पिशव्या. वळू चढला की हवा भरायची, उतरला की सोडायची.

"वळू नेणार तुम्ही फुग्यावर?" भोंगा ओरडला.

वहिनी म्हणाली, लावून तर बघू. तिने भोंग्याकडून जास्तीचे सगळे पाटे काढून घेतले, मूळ संख्येइतके नवे ठेवले आणि दोन्ही बाजूंना बलून बसवायला सांगितले. मग ट्रेलरच्या पुढच्या खणात पाण्याची पिंपं चढवली, मुद्दाम अर्धीच भरलेली, कारण भरलेलं पिंप गप्प बसतं आणि वळू गप्प बसत नाही. गॅरेजमागच्या मोकळ्या मैदानात ती वळणं घेत राहिली. पहिल्याच फेरीत गाडी एका अंगाला अशी कलली, की पिंपं भिंतीवर आदळली आणि एक फुटलं. दोन्ही बलूनना मिळून एकच नळी होती. डावीकडे भार आला की डाव्या पिशवीतली हवा उजवीकडे पळायची आणि गाडी आणखी डावीकडे पडायची. भोंग्याने स्वतःच्याच कपाळावर हात मारला, तो काळा उमटला. मग दोन नळ्या वेगवेगळ्या झाल्या. मागच्या बाजूला आडवा दांडा बसला, गाडीला कलू न देणारा. जाड शॉकअप आले, म्हणजे गाडी एकदा हलली की हलतच राहणार नाही. दिवसभर ते दोघं खालून-वरून नटबोल्ट आवळत होते. तिचा एकदा निखळलेला खांदा पेटला होता, पाना हातातून दोनदा निसटला आणि एकदा तर तिच्या भुवईवर येऊन बसला. रक्त पुसून ती पुन्हा खाली शिरली.

जाताना भोंग्याने एक गोष्ट न ओरडता सांगितली. त्याच्या हळू आवाजाचीच तिला भीती वाटली.

"वहिनी, बलूनने गाडी उंच राहते. गाडीची ताकद वाढत नाही. ब्रेक तेच, सांगाडा तोच. दोन भारी वळू एका खेपेला नेऊ नका."

वहिनीने ते मानलं. भारी असेल तर एकच वळू, पुढच्या खणात. जनावरं धड गुडघ्यांनी उतरू लागली. चढवताना ती काठी वापरत नसे. उतारफळीवर वाळूचं पोतं रिकामं करायची आणि वळू मनात येईल तेव्हा चढेपर्यंत दम धरायची. याचा अर्थ ती गुरांवर माया करत होती असा नाही. वळू जवळ असला की जॅकचा दांडा ती कायम हाताशी ठेवी.

अशातच केंद्राच्या साहेबांचा निरोप आला. तांबडा दुसऱ्या केंद्रात पाठवायचा होता आणि एकही गाडीवाला त्याला हात लावायला तयार नव्हता. फुटलेल्या डोळ्याच्या बाजूने कुणी गेलं की तो धावून यायचा. दोन गडी त्याने अंथरुणाला खिळवले होते. साहेबांनी वहिनीला सरळ विचारलं नाही, नुसतं अडचण म्हणून सांगितलं. मी नेते, वहिनी म्हणाली. का, ते तिला नीट सांगता आलं नसतं. तांबड्याला माफ करण्याचा प्रश्न नव्हता, तो जनावर होता. पण तोच वळू, तोच उतार, आणि गाडी सरळ उतरते का नाही, हे तिला बघायचंच होतं.

धाकट्याने हे ऐकलं आणि मीही येतो म्हणाला. मनगट जुळलं होतं, पण बोटं पुरती वळत नव्हती. इतके दिवस तो घरात कुणाशी बोलला नव्हता. तांबडा चढवायला माणूस लागणारच होता, आणि भावाला मारणारं जनावर बघायचा त्याला हक्क आहे असं वहिनीला वाटलं, म्हणून ती बरं म्हणाली. त्याने आपल्या सीटमागे पोत्यात गुंडाळून कुऱ्हाड ठेवली होती, ती तिने पाहिली नाही.

तांबडा चढायला सकाळ गेली. डोळ्याच्या जागी खळगा होता, त्याभोवती माश्या. चढता चढता त्याने फळीची एक कड लाथेने उडवली आणि ती वहिनीच्या नडगीला लागून हाड उघडं पडलं. तिने फडकं बांधलं, दोन्ही बलूनमध्ये हवा भरली, मागे जाऊन पिकअपची पाठ नजरेने तोलली आणि निघाली.

उतार आला. कातळावर पिकअपच्या रंगाचा ओरखडा अजून होता. वहिनीने गिअर खाली घेतला आणि नवरा घाबरून विसरला होता तो ट्रेलरच्या ब्रेकचा वेगळा दांडा हळूहळू ओढत राहिली. समोरून एक भरलेला टँकर आला, वारा बसला. ट्रेलर एकदा हलला आणि थांबला. आत तांबड्याने पाय बदलले, गाडी किंचित दबली आणि परत वर आली. बस. उतार संपला तेव्हा वहिनीच्या लक्षात आलं की आपण दात इतके आवळले होते की दाढ दुखतेय.

खालच्या सपाटीवर धाकट्याने गाडी थांबवायला लावली. लघवीला जातो म्हणाला. वहिनीने इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. तेवढ्यात ट्रेलरचं बाजूचं छोटं दार वाजलं आणि मग एक ओला, जड आवाज आला. त्यापाठोपाठ तांबडा असा ओरडला की पिकअपच्या काचा थरारल्या.

ती धावली. धाकटा कुऱ्हाड घेऊन खणात शिरला होता, मुद्दाम आंधळ्या बाजूने, म्हणजे वळूला दिसणार नाही. त्याचा पहिला घाव मानेवर न बसता खांद्यात रुतला होता. दुसरा घालायला अधू मनगटाने साथ दिली नाही. वळू सगळ्या अंगानिशी त्याच्याकडे वळला होता आणि आता त्याला पत्र्याच्या भिंतीवर दाबत होता. कुऱ्हाड खाली पडली होती. वळूच्या खांद्यातून रक्ताची धार धाकट्याच्या तोंडावर सांडत होती. त्याची छाती आत जात होती, आणि वहिनीने तोच आवाज दुसऱ्यांदा ऐकला.

"वहिनी," धाकटा म्हणाला. त्याच्यात एवढीच हवा उरली होती.

आत शिरून मारण्यात अर्थ नव्हता, पुढच्या क्षणी ती त्याच्या शेजारी चेपली गेली असती. ती धावत पिकअपमध्ये चढली. किल्लीवर हात गेला आणि तिथे थांबला. अंगणात पडलेला जावेचा दात तिला आठवला, आणि लोक जिच्याशी उजवीकडूनच बोलतात ती मान तिरकी करून ऐकणारी बाई. आत्ता किल्ली नाही फिरवली तर कुणी काही विचारणार नव्हतं. वळूनेच मारलं, असं सगळे म्हणाले असते, आणि ते खोटंही नव्हतं. मागे पत्रा कुरकुरत होता.

वहिनीने किल्ली फिरवली आणि क्लच झटकन सोडला. गाडीने जोरात पुढे हिसका घेतला. वळूचे पाय त्याच्याच रक्तावरून मागे घसरले, भिंतीवरचा भार सुटला आणि धाकटा उघड्या दारातून बाहेर खडीवर पडला. वहिनीने उतरून दार लोटलं. आत हात घालून कडी लावताना तांबड्याने मुसंडी मारली, दार आणि चौकट यांच्यामध्ये तिच्या दोन बोटांची टोकं गेली. टोकं तिथेच राहिली.

मग ती निघाली. शेजारी रक्त ओकणारा दीर, मागे रक्त गाळणारा वळू आणि स्टिअरिंगला चिकटलेला स्वतःचा हात. दवाखाना गाठेपर्यंत तिने एकही खड्डा चुकवला नाही, तेवढा वेळच नव्हता. बरगडीचं टोक फुप्फुसात शिरलेलं होतं. गाडी आणखी आदळली असती तर काळजात गेलं असतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले. बोटांना पट्टी बांधून घेऊन ती तशीच पुढे निघाली आणि तांबड्याला मुक्कामी पोचवलं. तिथल्या गुरांच्या डॉक्टरांनी त्याच्या खांद्याला टाके घातले. फळीवरून तो सरळ चालत उतरला.

घरी आल्यावर तिने जावेला ओट्यावर बसवलं आणि घडलं ते सगळं सांगितलं, किल्लीवर थांबलेल्या हातासकट. जाऊ शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"वाचवलात कशाला, ताई?" तिने विचारलं.

माणूस मरताना बघवलं नाही म्हणावं, तर किल्लीवर हात ठेवून ती स्वतःच थांबली होती. जावेने वहिनीच्या पट्टीवरचं रक्त पाहिलं, पाणी तापवलं आणि पट्टी बदलली.

धाकटा जगला. पण मार खाऊन माणूस सुधारतो हे ज्याने म्हटलं, त्याने बहुधा मार खाल्ला नसावा. त्याचा एका बाजूचा श्वास गेला, जोर गेला, तोंड मात्र धारदार झालं. कुणीतरी आपल्याला वाचवलं याचाच त्याला सगळ्यात जास्त राग होता. महिनाभरातच त्याने झोपल्या जागेवरून जावेला पितळी तांब्या फेकून मारला. नेम चुकला, भिंतीचा पोपडा निघाला. जाऊ उठली, दोन लुगडी आणि एक उशी घेतली आणि वहिनीच्या दारात येऊन उभी राहिली. त्याच संध्याकाळी दोघींनी भोंग्याच्या गॅरेजमागची खोली घेतली. धाकट्याला बघायला त्याची मावशी येऊन राहिली. तिची जीभ त्याच्याहून लांब आहे, असं ऐकायला येत असे.

खोलीत तेलाचा वास होता आणि सकाळी ऐरणीच्या आवाजाने झोप उडायची. जावेला त्याचा निम्माच त्रास होता, असं ती स्वतःच म्हणायची आणि भोंगा त्यावर सगळ्यांत मोठ्याने हसायचा. वहिनीला दोन बोटं आखूड झाल्यावर गिअर टाकायला वेळ लागू लागला, तेव्हा तिने जावेला गाडी शिकवायला घेतली. पुढे जायला ती चार दिवसांत शिकली. ट्रेलर मागे घ्यायला मात्र उलटी अक्कल लागते. चाक डावीकडे वळवावं तर ट्रेलर उजवीकडे जातो. पहिल्या आठवड्यात तिने गॅरेजचा खांब वाकवला, नंतर शेजारच्या कुंपणाची भिंत पाडली. भिंतवाला शिव्या देत धावून आला आणि खिडकीशी हात उगारून उभा राहिला. जाऊ गाडीतून उतरली. हातात काही नव्हतं, मान तिरकी नव्हती. पुन्हा मोठ्याने बोला, या कानाने ऐकू येत नाही, असं ती त्याला म्हणाली. तो काय बोलणार होता ते विसरला. वहिनी पलीकडे बसून होती. ती खाली उतरली नाही, नुसती म्हणाली, आता चाक उजवीकडे घे आणि क्लच हळू सोड.